मिराजच्या किटमधून स्टेल्थ बॉम्बर: ‘रानपिंगळा’ कसा घडवायचा

मिराज या फायटर विमानाचं प्लास्टिक किट घेऊन आपण एक काल्पनिक स्टेल्थ बॉम्बर, म्हणजे रडारला सहज न सापडणारं बॉम्बफेकी विमान, घडवणार आहोत. असं मॉडेल बनवायचं ठरलं की नवशिका आधी काळा रंग शोधायला निघतो. रंगाचा नंबर सगळ्यात शेवटी. रडारपासून विमान लपतं ते मुख्यतः त्याच्या आकारामुळे, आणि मॉडेल पाहणाऱ्याच्या डोळ्यालाही तो आकारच पटतो. कडांच्या दिशा जुळल्या तर नुसत्या राखाडी प्रायमरमध्येही मॉडेल स्टेल्थ दिसतं. त्या चुकल्या तर कितीही काळं फासा, लोक म्हणतील, ‘मिराजचं शेपूट तुटलं वाटते.’

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात बसून हे लिहितोय. इथे किट कुरियरने मागवावं लागतं, पण बाकीचं बहुतेक सामान तालुक्याच्या बाजारात सापडतं: हार्डवेअर, मोटारपेंटचं दुकान, स्टेशनरी आणि कृषी केंद्र. म्हणून महागड्या परदेशी बाटल्यांची यादी देत नाही. इथे जे मिळतं त्यावरच काम उरकू.

काल्पनिक म्हणजे काहीही नव्हे

१९८६ मध्ये अमेरिकेच्या टेस्टर्स कंपनीने ‘एफ-१९’ नावाच्या स्टेल्थ विमानाचं किट बाजारात आणलं. खरं विमान तेव्हा गुपित होतं, त्यामुळे आकार सगळा अंदाजाने ठरवलेला: गुळगुळीत, गोलसर, वळणदार. नोव्हेंबर १९८८ मध्ये खऱ्या विमानाचं, एफ-११७ चं, चित्र जाहीर झालं, तर ते सपाट पत्र्यांचे तुकडे जोडल्यासारखं कोनाकोनाचं निघालं. अंदाज साफ चुकला होता, तरी त्या किटवर लोकांचा विश्वास बसला होता. कारण त्यामागे एक तर्क होता. आपल्यालाही तेवढंच करायचंय.

तर्क थोडक्यात असा. लांब सरळ कडेवर आपटलेली रडारलहर मुख्यतः त्या कडेशी काटकोन करणाऱ्या दिशेने परतते. दहा कडा दहा दिशांना असतील तर विमान दहा बाजूंना ‘चमकतं’. सगळ्या कडा मोजक्या दिशांना समांतर ठेवल्या की चमकही तेवढ्याच बाजूंना जाते. कडांवरून लहरी कशा विखुरतात याचं गणित प्योत्र उफिम्त्सेव या सोव्हिएत शास्त्रज्ञाने १९६२ मध्ये मांडलं होतं आणि अमेरिकन अभियंत्यांनी पुढे तेच कामाला लावलं. अमेरिकेचं बी-२ हे स्टेल्थ बॉम्बर वरून पाहा: पुढच्या दोन कडा, मागची करवती कड, पंखांची टोकं, जवळपास सगळं दोनच दिशांना समांतर आहे. दुसरी गोष्ट काटकोनाची. पंख आणि उभं शेपूट काटकोनात भेटले की तो कोपरा रडारची लहर आली तशी मागे फेकतो. म्हणून उभं शेपूट जायलाच हवं.

किट कोणतं घ्यायचं

सरळ बी-२ चंच किट का नको? त्याला काही करायला जागाच नाही, ते आधीच पूर्ण आहे. शिवाय खऱ्या बी-२ चे पंख ५२.४ मीटरचे, म्हणजे १/१४४ मापात (खऱ्याच्या एकशे चव्वेचाळीसाव्या भागाएवढं मॉडेल) सुद्धा ३६ सेंटिमीटरचा पसारा. पहिल्या प्रयोगाला मी मिराज २००० चं १/७२ चं किट सुचवेन. हेलर, इटालेरी, कुणाचंही चालेल. जुना साचा असेल तर उत्तमच, स्वस्त पडतो आणि कापताना हात थरथरत नाही.

आता खरी गंमत. किट १/७२ चं असलं तरी आपण ते १/१४४ चं आहे असं मानायचं. खऱ्या मिराजचे पंख ९.१३ मीटर, लांबी १४.३६ मीटर. प्लास्टिक तेवढंच राहतं, पण मापपट्टी बदलली की आपलं विमान १८.२६ मीटर रुंद आणि २८.७ मीटर लांब होतं. म्हणजे फायटरचा बॉम्बर झाला, फुकटात. तुलनेला आपल्या वायुसेनेचं जुनं कॅनबेरा बॉम्बर घ्या, १९५७ मध्ये आलेलं आणि २००७ मध्ये निवृत्त झालेलं. त्याचे पंख साडेएकोणीस मीटरचे होते. आपलं विमान त्याच पंक्तीत बसतं.

या युक्तीची किंमत एकच: माणसाच्या मापाची प्रत्येक खूण पुसावी लागते. १/१४४ मध्ये पावणेदोन मीटरचा माणूस जेमतेम १२ मिलिमीटरचा. किटमधली कॅनोपी (पायलटवरचं पारदर्शक झाकण), पायलट, चाकं, शिडी यातलं काहीही दिसलं की भ्रम फुटला. पायलट डब्यात ठेवून द्या, पुढच्या किटला कामी येईल.

नाव आधीच ठरवा, त्याने काम पुढे सरकतं. माझं ‘रानपिंगळा’. मेळघाटात राहणारा हा बारका पिंगळा १८८४ नंतर कुणाला सापडतच नव्हता, तो थेट १९९७ मध्ये पुन्हा दिसला. स्टेल्थला यापेक्षा चांगलं नाव कोणतं? तो दिवसा हिंडणारा पक्षी आहे हे पक्षीमित्रांनी कृपया मनातच ठेवावं.

सामान

हार्डवेअरमधून वॉटर पेपर: ३२०, ६००, १०००. हॅक्सॉ ब्लेडचा तुकडा, कटर, एम-सील, फेविक्विक. मोटारपेंटच्या दुकानातून एनसी पुट्टी, थोडं एनसी थिनर आणि राखाडी प्रायमर सरफेसरचा स्प्रे. स्टेशनरीतून अॅक्रिलिक रंग, मास्किंग टेप, आलेख कागद. कंपासपेटी घरात असतेच, दोन्ही गुण्यांसकट. कृषी केंद्रातून फवारणीचा मास्क, तोही वाफ अडवणाऱ्या डबीचा. नुसता कापडी मास्क थिनरच्या वाफेला अडवत नाही.

प्लास्टिक शीट विकत घ्यायची गरज नाही. तळाशी त्रिकोणात ६ आकडा असलेले पातळ कप, डब्यांची झाकणं पॉलिस्टायरिनची असतात, म्हणजे किटच्याच प्लास्टिकची. खात्री करायला थिनरचा एक थेंब लावा. चिकट झालं तर कामाचं. जुनी एटीएम कार्डं पीव्हीसीची असतात. तीही चालतात, पण फेविक्विकनेच जोडायची.

दोन इशारे खास आपल्या भागासाठी. फेविक्विक कापसाने पुसू नका. कापसाच्या धाग्याशी त्याची प्रक्रिया होऊन चटका बसेल एवढी उष्णता निघते, कधी धूरही येतो. आपल्याकडे घरोघरी कापूस, हात सहज तिकडेच जातो. दुसरा इशारा संत्र्याचा. सालीतल्या तेलात लिमोनिन असतं आणि ते पॉलिस्टायरिन विरघळवतं. जपानची तामिया कंपनी लिमोनिनचंच मॉडेल सिमेंट, म्हणजे प्लास्टिक जोडायचा गोंद, विकते. तेव्हा संत्री खायची तर टेबलापासून लांब बसून सोला.

धड: जोडा, भरा, मग कापा

किटचे भाग ज्यांना जोडलेले येतात त्या सगळ्या फ्रेम साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन वाळवा. साच्याचं तेल राहिलं तर पुढे रंग सोलून निघतो.

धडाचे दोन भाग आधी कोरडेच जुळवून पाहा. जोडण्यापूर्वी आत दोन कामं करा. नाकात आणि कॅनोपीच्या खालच्या खड्ड्यात एम-सील दाबून भरा. दुसरं म्हणजे, विमान बोटावर तोलून समतोलाची जागा शोधा आणि पोटाच्या आतून तिथे एम-सीलचा जाड गोळा बसवा. पुढे स्टँडची तार यात शिरणार आहे. हे विसरलं तर पोकळ पोटात तार लटलट हलते आणि मग इलाज उरत नाही. एम-सील मळल्यावर अर्ध्या तासाच्या आत आकार देऊन मोकळे व्हा.

भाग जोडताना मॉडेलचं पातळ सिमेंट असेल तर तेच वापरा. नसेल तर बारीक ब्रशच्या टोकाने एनसी थिनर सांध्यावर लावा, ते आत झिरपतं आणि प्लास्टिक एकजीव होतं. हे काम ओसरीत, वाऱ्यात करायचं, जवळ चूल किंवा उदबत्ती नको. थिनर जास्त झालं तर प्लास्टिक खचतं, म्हणून एका वेळी एकच टिपूस.

दुसऱ्या दिवशी सांधा घट्ट झाल्यावर कापाकापी. उभं शेपूट मुळापासून एक मिलिमीटर वर कापा आणि उरलेलं घासून बसवा. भोक पडलं तर कपाच्या प्लास्टिकचं ठिगळ लावा. नाकावरची सुई, हवेच्या तोंडातले अर्धे शंकू, पंखाखालच्या टांगण्या, सगळं काढा. बाजूच्या हवेच्या तोंडांवर शीटचे तुकडे बसवून ती बंद करा. चाकांचे दरवाजे बंद करूनच चिकटवा, कारण आपलं विमान कायम उडतच राहणार आहे.

कॅनोपी जागेवर चिकटवा, फ्रेमच्या उंच रेघा घासा आणि तिला धडाचाच भाग माना. वर पुट्टी फिरवून तिचा फुगा थोडा दाबला की पाठ एकसंध होते. खिडक्या पुढे रंगात येतील.

कान आणि पाठ

मिराजचं नाक गोल आहे, आणि गोल बाजू स्टेल्थला शोभत नाही. नाकाच्या टोकापासून पंखाच्या मुळापर्यंत, धडाच्या सर्वांत रुंद रेषेवर प्लास्टिकची पट्टी आडवी चिकटवायची. टोकाशी रुंदी शून्य, पंखापाशी चारेक मिलिमीटर. याला मी कान म्हणतो. वर आणि खाली एनसी पुट्टीचे पातळ थर देऊन पट्टी आणि धड यांच्यातला खोबणा उतरता भरा. एनसी पुट्टी जाड लावली की वरून वाळते, आतून ओली राहते आणि तिच्यातलं थिनर प्लास्टिक खातं. रोज एक थर, एवढंच.

वरून पाहिल्यावर कानाची कड एकच सरळ रेघ दिसली पाहिजे. ती पंखाच्या दिशेशी पूर्ण जुळत नाही, हे मान्य. पण इतक्या तिरप्या कडेची चमक जवळपास आडवी, बाजूलाच जाते. काल्पनिक विमानाला एवढी सूट द्यावी.

इंजिनाची हवा वरून घ्यायची, म्हणजे खालच्या रडारला पंखे दिसत नाहीत. त्यासाठी किटमधल्या इंधनाच्या टाक्या वापरा. स्टेल्थ विमान बाहेर टाक्या टांगत नाही, त्या तशाही उरणारच होत्या. टाकीचा अर्धा भाग पाठीच्या एका बाजूला, अर्धा दुसऱ्या बाजूला पालथा चिकटवा. पुढचं टोक तिरपं कापून उघडा, आतून काळा रंग द्या. तोंडाची कड वरून पाहताना त्या बाजूच्या पंखाच्या पुढच्या कडेला समांतर हवी. मागची टोकं पुट्टीने उतरती करत पाठीत मिसळून टाका.

मागचं गोल जेटचं भोक बंद करा. त्याच्यावर शीटचा सपाट तुकडा बसवून पाठीवर एक रुंद, चपटी फट ठेवा, बदकाच्या चोचीसारखी. खालची चोच वरच्यापेक्षा जास्त मागे, बाहेर आलेली हवी, म्हणजे खालून पाहणाऱ्याला गरम धूर दिसत नाही.

मागची कड

इथे घाई नको. मिराजची मागची कड जवळपास सरळ आडवी आहे, म्हणजे मागून येणाऱ्या रडारला थेट आरसा. तिची करवत करायची.

विमान आलेख कागदावर ठेवून बाह्यरेषा काढा. मधली रेघ आखा. पंखाची पुढची कड मधल्या रेघेशी किती कोन करते ते कोनमापकाने मोजा. कागदावरची ती तुमची दिशांची पहिली जोडी: डावी आणि उजवी. मागच्या कडेसाठी हीच जोडी वापरली तर दाते फार खोल जातात आणि पंखच खाऊन टाकतात. म्हणून दुसरी जोडी निवडा, आडव्या रेघेशी साधारण २५ ते ३० अंशांची. एफ-११७ मध्येही पुढच्या आणि मागच्या कडांचे कोन वेगळेच आहेत. दोन जोड्या म्हणजे चार दिशा. कान सोडून पाचवी आली की समजा काहीतरी बिघडलं.

दोन गुण्या एकमेकींवर सरकवत समांतर रेघा काढायची पद्धत सातवी-आठवीत शिकवतात, तीच इथे वापरा. पंखाच्या टोकापासून एक रेघ आत-पुढे, मग दुसरी आत-मागे, आणि मध्ये धडाच्या मागे बाहेर आलेलं त्रिकोणी टोक. वरून पाहिलं की डब्ल्यू दिसला पाहिजे. अर्धा आराखडा कापून घडी घालून दुसऱ्या बाजूला उतरवा, म्हणजे दोन्ही पंख सारखे येतात.

कागद टेपने पंखावर लावून कटरच्या पाठीने रेघ ओरखडा, तीच रेघ पुन्हा पुन्हा, मग हॅक्सॉ ब्लेड. पंख आतून पोकळ असल्याने कापल्यावर फट उघडते. तिच्यात शीटची पट्टी सरकवा, थिनर लावा, चिमट्याने दाबून ठेवा आणि वाळल्यावर धार येईपर्यंत घासा. मधलं त्रिकोणी टोक शीटच्या दोन थरांचं करा. जाड कड मॉडेलला खेळणं करून टाकते, म्हणून कागदासारखी बारीक होईपर्यंत वॉटर पेपर सोडू नका.

घासणं आणि रेघा

सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. सरफेसरचा हलका थर द्या, तिरप्या उजेडात धरा, खड्डे दिसतील. भरा, पाणी लावून घासा, परत सरफेसर. पाणी लावून घासलं की धूळ उडत नाही. बारीक फटींसाठी घरचा लेप करा: नेलपॉलिशच्या रिकाम्या धुतलेल्या काचेच्या बाटलीत फ्रेमचे तुकडे आणि थिनर टाकून रात्रभर ठेवा. हा लेप वाळताना आक्रसतो, तेव्हा थोडा उंचच भरा आणि दोन-तीन दिवस हात लावू नका. घाई असेल तर फेविक्विकवर टाल्कम पावडर भुरभुरवा. मात्र लगेच घासा, दुसऱ्या दिवशी ते दगड होतं.

मिराजच्या जुन्या पॅनल रेघाही, म्हणजे पत्र्यांचे जोड दाखवणाऱ्या खोल रेघा, भरा. त्या मिराजच्या आहेत, शिवाय नव्या मापात दुप्पट रुंद दिसतात. नंतर डिव्हायडरच्या टोकाने अगदी थोड्या नव्या रेघा ओढा. पोटावर बॉम्बच्या कप्प्याचे दोन लांब दरवाजे: ४ सेंटिमीटरचा दरवाजा म्हणजे खऱ्यात ५.७६ मीटर, ठीक वाटतं. दरवाजाची पुढची-मागची कड सरळ न ठेवता करवती ओढा आणि दाते त्याच चार दिशांना समांतर ठेवा. खरी स्टेल्थ विमानं हेच करतात. पाहणाऱ्याला कारण कळत नाही, पण पटतं.

रंग

मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर असताना स्प्रे मारू नका. थेंब हवेतच वाळतात आणि अंग खरखरीत येतं. पावसाळ्यात उलटा त्रास, दमट हवेत रंगावर पांढुरकी झाक धरते. सोयाबीनची सोंगणी झाल्यापासून होळीपर्यंतचा काळ बेस्ट, सकाळी दव उडाल्यावर. रंगवलेलं मॉडेल टिनाच्या छपराखाली किंवा उन्हात वाळत टाकू नका. बारीक केलेल्या कडा वाकतात.

शुद्ध काळा वापरू नका. छोट्या मॉडेलवर काळा रंग सगळी वळणं गिळून टाकतो. बी-२ स्वतः गडद राखाडी आहे. काळ्यात पांढरा आणि निळ्याचा टिपका मिसळा, झाकणावर वाळवून पाहा, मग पातळ तीन-चार हात द्या. ब्रशचे फटकारे एका हाताला उभे, पुढच्याला आडवे. बोअरचं पाणी रंगात घालू नका, क्षारांचे डाग उमटतात. बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी घ्या.

मुख्य रंग वाळल्यावर सगळ्या कडांना आतून दोन-तीन मिलिमीटर सोडून मास्किंग टेप लावा आणि ती पट्टी अर्ध्या छटेने फिकी रंगवा. कडांवर रडार शोषणारा वेगळा थर असतो, त्याची ही खूण. दिशा नीट जुळवल्या असतील तर याच पट्ट्या सगळं काम उठून दाखवतात.

खिडक्या चार, प्रत्येकी जेमतेम साडेतीन मिलिमीटर उंच. टेपने झाका, चकचकीत काळा द्या, वाळल्यावर सोनेरी-तपकिरी पातळ हात. एफ-११७ च्या काचांवर सोन्याचा पातळ थर असायचा, ती झाक छान दिसते.

चिखल, धूर, ओघळ टाळा. बी-२ ला कातडी जपायला वातानुकूलित हँगर लागतो, अशी विमानं मळकी राहत नाहीत. गावातले पोट्टे ‘गंज दाखव ना’ म्हणतील, ऐकू नका.

खुणा आणि स्टँड

किटमधल्या डिकलवरची, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या चित्रांतली, वायुसेनेची मोठी वर्तुळं नव्या मापात थाळीएवढी वाटतील. डिकलच्या कागदावरची सर्वांत बारकी अक्षरं आणि बाण तेवढे घ्या. आधी चकचकीत वार्निश, मग डिकल, मग मॅट वार्निश. खडबडीत मॅट रंगावर डिकल लावलं तर खाली हवा राहून चंदेरी झाक येते. वायुसेनेचं वर्तुळ लावायचंच असेल तर राखाडीच्या दोन छटांत, लहानसं, हाताने काढा. खऱ्या स्क्वॉड्रनचा नंबर किंवा चिन्ह नको. विमान काल्पनिक आहे तर तुकडीही काल्पनिक असू द्या.

स्टँडला सायकलचा जुना स्पोक घ्या, जाडी साधारण दोन मिलिमीटर. पोटात एम-सीलच्या गोळ्यावर तेवढंच भोक पाडा. सुताराकडे सागवानाचा टाकाऊ तुकडा सहज मिळतो. त्यात स्पोक तिरपा बसवा, नाक थोडं वर आणि एक पंख किंचित खाली.

शाळेच्या प्रदर्शनाला मोटारसायकलवर न्यायचं असेल तर विमान स्टँडवरून काढा. खोक्याच्या तळाला थर्माकोलची जाड पाटी बसवून तिच्यात दुसरा आखूड स्पोक उभा करा आणि विमान त्यावर अडकवा, म्हणजे कडांना कशाचाच स्पर्श होत नाही. धूळ झटकायला मऊ कोरडा ब्रश, फडकं नको. करवतीच्या दात्यात धागा अडकला की दाताच घेऊन येतो.